मोटार आणि झरा

"मामा, याचं डोकं बदलावं म्हणतोय."

२०२३ च्या जुलै महिन्याचा शेवटचा आठवडा. माझा भाचा केज तालुक्यातल्या एका गावात सीएससी केंद्र चालवतो. गावाच्या तोंडी त्याचं नाव 'ऑनलाइनचं दुकान'. खरीप पीक विम्याची मुदत संपत आली होती. शेतकऱ्यानं फक्त एक रुपया भरायचा आणि त्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्य सरकारनं भरायचा, अशी योजना त्या खरिपात पहिल्यांदा आली होती. राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज त्या हंगामात गेले. त्यातले काही माझ्या भाच्याच्या टेबलावरून जात होते. दारात बायाबापड्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा. आणि टेबलावर माझाच जुना लॅपटॉप, २०१२ साली घेतलेला आणि पुढं त्याला दिलेला.

"लई थांबायलाय मामा. बीडला एकाला दाखवलं. तो म्हनला, आय-थ्री काढून आय-सेव्हन बसवू, साडेचार हजार लागतील. तुम्ही सांगा, बसवावं का?"

मी अंबाजोगाईत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तरी त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याच्या प्रश्नानं मला आमच्या विहिरीच्या काठावर नेऊन बसवलं.

ती विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतर खणलेली. वडिलांनी तिच्यावर आधी तीन हॉर्सपॉवरची मोटार बसवली होती. ऐंशीच्या दशकात एका उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला, तेव्हा त्यांनी कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरची आणली. पहिल्या दिवशी पाइपातून पाण्याचा असा लोट आला की आम्ही पोरं पाटात नाचलो. तासाभरानं मोटारीचा आवाज बदलला. पाणी तळाला गेलं होतं. आधीची मोटार अडीच तास चालायची, ही दीड तासात विहीर कोरडी करायची. दिवसाकाठी रानाला मिळणारं पाणी मात्र तेवढंच राहिलं, कारण झऱ्यातून येणारं पाणी तेवढंच होतं. त्याच महिन्यात मोटार कोरडी चालून तिचं वाइंडिंग जळालं.

त्यानंतर वडिलांनी जे केलं ते मला विज्ञानाच्या पहिल्या धड्यासारखं आठवतं. आठ दिवस ते रोज संध्याकाळी विहिरीत उतरून पाण्याच्या रेघेला चुन्याची खूण करायचे आणि सकाळी पाणी किती चढलं ते वितीनं मोजायचे. विहीर एका रात्रीत किती देते, हे त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं. मग यारी लावून गाळ काढला, कपारीतला झरा मोकळा केला. पुढच्या उन्हाळ्यात जुनी तीनची मोटार अडीचऐवजी साडेतीन तास चालली.

म्हणून भाच्याला म्हटलं, "डोकं बदलायचं का ते नंतर बघू. आधी हे थांबतंय कुठं ते मोजू."

प्रोसेसरला डोकं म्हणायची सवय आपल्याला फार लवकर लागली. ती थोडी दिशाभूल करते. डोकं बदललं की माणूसच बदलतो, म्हणून प्रोसेसर बदलला की यंत्र नवं होईल असं वाटतं. मला प्रोसेसर विहिरीवरच्या मोटारीसारखा वाटतो. त्याच्याकडं ताकद आहे, पण उपसायला पाणी दुसरीकडून यावं लागतं. ते पाणी म्हणजे माहिती. ती आधी डिस्कवरून मेमरीत येते, मेमरीतून प्रोसेसरपाशी. कधी ती पार इंटरनेटच्या पलीकडून, समोरच्या सर्व्हरकडून येते. वाटेत जिथं नळी बारीक असेल तिथला वेग साऱ्या कामाचा वेग ठरतो.

त्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-थ्री २३५०एम होता: दोन कोअर, २.३ गिगाहर्ट्‌झ, ३५ वॅट. बीडचा कारागीर जो बसवणार होता तो त्याच पिढीचा आय-सेव्हन २६७०क्यूएम: चार कोअर, मूळ वेग २.२ गिगाहर्ट्‌झ, गरजेला ३.१ पर्यंत जाणारा, ४५ वॅट. दोघंही ९८८ पिनांच्या एकाच सॉकेटात बसतात, म्हणून हा बदल शक्य तरी होता. २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीनंतर इंटेलनं लॅपटॉपसाठी सॉकेटात बसणारे प्रोसेसर देणं सोडून दिलं. त्यानंतरच्या लॅपटॉपात, अगदी मोजके अपवाद सोडले तर, प्रोसेसर मदरबोर्डला कायमचा डकवलेला असतो. तो बदलावा का हा प्रश्नच तिथं उरत नाही. म्हणजे भाच्याच्या पुढ्यातला प्रश्न एका सरत्या काळाचा होता. यंत्र उघडून त्याचा एक भाग काढावा, दुसरा घालावा, ही मुभा अजून हातात असलेल्या काळाचा.

एके काळी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. गॉर्डन मूरनं १९६५ साली एका लेखात सांगितलं की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यानं तो काळ दोन वर्षांचा केला. त्याच्याच आगेमागे, १९७४ मध्ये, रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करत नेले तर तेवढ्याच जागेत, तेवढ्याच विजेत ते अधिक वेगानं चालवता येतात. ही दोन विधानं मिळून तीस वर्षं संगणकाचं जग चाललं. दोन-तीन वर्षं थांबा, नवा प्रोसेसर घ्या, तुमचा तोच जुना प्रोग्रॅम काहीही न करता जोरात धावेल. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की त्यांच्यातून वीज गळू लागली आणि उष्णता आवरेना. २००४ साली इंटेलनं चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम फोर आणण्याचा बेत रद्द केला. तिथून पुढं वेगाचा आकडा जवळपास थबकला आणि कोअरची संख्या वाढू लागली. एक मोठी मोटार करता येईना, तेव्हा एका विहिरीवर चार मोटारी बसवायची पद्धत आली.

पण चार मोटारी कधी उपयोगाच्या? काम चार ठिकाणी वाटता आलं तरच. जीन अ‍ॅमडालनं १९६७ साली मांडलेला विचार हाच आहे, आणि आठवीच्या मुलाला समजेल इतका तो साधा आहे. एखाद्या कामाचा जो भाग तुम्ही वेगवान केला, त्या भागाला एकूण वेळेपैकी जितका वेळ लागत होता, त्याहून अधिक वेळ तुम्ही वाचवू शकत नाही. दहा तासांच्या प्रवासात एक तास घाट असेल, तर घाट डोळ्याची पापणी लवते तोवर पार झाला तरी प्रवासाला नऊ तास लागणारच.

महाराष्ट्रानं या विचाराची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. अमेरिकेकडून हवा तो सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एकच अतिबलाढ्य प्रोसेसर शोधत बसण्याऐवजी त्यांनी ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा मोठ्या संख्येनं एकमेकींना जोडल्या. हवामानासारखं गणित तुकड्या-तुकड्यांत वाटता येतं, म्हणून ते जमलं. खरी कसोटी लागली ती प्रत्येकीला तिचं काम वेळेवर पोचवण्यात आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र बांधण्यात. ताकदीपेक्षा जोडणी अवघड, हा त्या यंत्राचा मला कळलेला अर्थ.

पीक विम्याचा अर्ज मात्र वाटता येत नाही. आधी आधार क्रमांक, मग नाव, मग बँकेचं खातं, मग गट नंबर, मग पीक आणि क्षेत्र. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी येत नाही. तिथं चार कोअर असले तरी तीन हात बांधून उभे राहणार.

मग आम्ही मोजायला बसलो. एक कोरा कागद भिंतीला चिकटवला. सलग दहा अर्जांचा वेळ मी घड्याळ लावून लिहिला. लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून ठेवला, म्हणजे कोणत्या क्षणी कोण दमलंय ते दिसावं. एका अर्जाला सरासरी बारा मिनिटं लागत होती, म्हणजे ७२० सेकंद. त्यातली २४० सेकंद कागद शोधण्यात आणि विचारण्यात जात होती. पासबुक घरी राहिलेलं, आधारवरचं नाव वेगळं, सातबाऱ्यावरचं वेगळं. १५० सेकंद टाइप करण्यात. १८० सेकंद समोरच्या सर्व्हरचं उत्तर येण्याची वाट बघण्यात. लाखो माणसं एकाच आठवड्यात एका दारात उभी राहिली की ते दार अरुंदच पडणार. उरली १५० सेकंद. त्या वेळात यंत्र स्वतःच अडकलेलं असायचं. त्यातली १२० सेकंद डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला आणि मेमरी काठोकाठ भरलेली. प्रोसेसर खऱ्या अर्थानं दमलेला दिसला तो फक्त ३० सेकंद.

कागदावर हिशेब मांडला. प्रोसेसर दुप्पट वेगाचा झाला तर ७२० मधली १५ सेकंद वाचतील. दहा तासांच्या दिवसात ५० अर्जांचे ५१ होतील. अर्जामागं केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते. म्हणजे साडेचार हजारांच्या त्या बदलानं दिवसाला ४० रुपये जादा येणार, आणि खर्च भरून निघायला ११३ दिवस लागणार. विम्याची झुंबड चालते काही आठवडे.

भाचा त्या आकड्यांकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ह्यो बिचारा रिकामाच बसलाय की."

मला त्याचं ते वाक्य फार आवडलं. ज्याला आपण दोष देत होतो तो पाण्याची वाट बघत उभा होता.

त्या लॅपटॉपात जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय ते टोक त्या जागी सरकायला वेगळा वेळ. प्रोसेसरचं एक स्पंदन अर्ध्या नॅनोसेकंदाहून लहान. त्याच्या हिशेबानं डिस्कचा अर्धा फेरा म्हणजे सव्वा कोटी स्पंदनांची प्रतीक्षा. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ साली एका छोट्या लेखात इशारा दिला होता की प्रोसेसर आणि मेमरी यांच्या वेगातलं अंतर असंच वाढत गेलं तर एक दिवस प्रोसेसर कितीही वाढवला तरी काही फरक पडणार नाही. त्याच वर्षी पास्कल भाषेचा जनक निकलाऊस विर्थ यानं कळकळीनं लिहिलं की यंत्रं जितक्या वेगानं सुधारतात त्याहून अधिक वेगानं सॉफ्टवेअर जड होत चाललं आहे. पहिल्या दोघांनी झरा आटतोय म्हणून सांगितलं, विर्थनं रानाची तहान वाढतेय म्हणून. मधल्या काळात आपण मोटारीच्या हॉर्सपॉवरची जाहिरात वाचत राहिलो.

मेमरी भरली म्हणजे काय होतं, हे भाच्याला सांगताना मला आमच्या गावची दासोपंतांची पासोडी आठवली. दासोपंत सोळाव्या-सतराव्या शतकातले, अंबाजोगाईचे. ग्रंथरचना एवढी अफाट की त्यांना रोज लागणाऱ्या शाईच्या कथा अजून सांगतात. त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहून काढला. ते कापड अंबाजोगाईत आजही जपलेलं आहे. ते पसरलं की सारा विषय एका नजरेच्या टप्प्यात येतो. पोथीत एक पान उघडं आणि बाकीची बासनात. मागचा संदर्भ पाहायचा तर पान ठेवा, दुसरं शोधा, पुन्हा पहिलं काढा. संगणकाची मेमरी म्हणजे पसरलेली पासोडी आणि डिस्क म्हणजे बासनात बांधलेली पोथी. चार जीबी मेमरीवर ब्राउझरची दहा पानं, स्कॅनरचा प्रोग्रॅम आणि बोटांचा ठसा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर एकदम चालवलं की जागा संपते. मग यंत्र एक पान बासनात ठेवतं, दुसरं काढतं, आणि हे करण्यातच दमून जातं. वाचणाऱ्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी बासन सोडण्या-बांधण्याला लागणारा वेळ चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी बीडला गेलो. कारागिरानं आमच्यासमोर लॅपटॉप उघडला, आणि जे दिसलं ते आमच्या कागदावर नव्हतं. पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा एक थर बसला होता. त्यात काळ्या मातीची धूळ होती आणि कापसाचं तूस. आमच्याकडं हिवाळाभर कापूस घराघरांत साठवलेला असतो, गाड्या भरून जिनिंगला जातो, आणि त्याचं तूस हवेत तरंगत कुठंही जाऊन बसतं. प्रोसेसर आणि धातूची पट्टी यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट अकरा वर्षांत वाळून खडूसारखी झाली होती. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग उतरवतो. म्हणजे जो प्रोसेसर आमच्याकडं होता, तोसुद्धा आम्ही पुरता वापरत नव्हतो. आणि ३५ वॅटसाठी बनवलेल्या त्याच चोंदलेल्या पंख्यापुढं आम्ही ४५ वॅटचा नवा आणून बसवणार होतो. त्यानं तापून लगेच मान टाकली असती, आणि आम्ही म्हटलं असतं, नशीबच खोटं.

तिथंच निर्णय झाला. जुनी डिस्क काढून २५६ जीबीची, फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, १,६०० रुपये. रिकाम्या खोबणीत आणखी चार जीबी मेमरी, ९०० रुपये. पंख्याची सफाई आणि नवी पेस्ट, ४०० रुपये. एकूण २,९०० रुपये, म्हणजे ७३ अर्जांची मिळकत. कारागीर भला माणूस होता. आमचा कागद त्यानं नीट वाचला आणि स्वतःच म्हणाला, हेच बरोबर आहे.

त्या दुकानात एक तरुण बसला होता, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणारा. त्याला आमच्यासारखाच सल्ला दिला असता तर तो चुकीचा ठरला असता. तीन तासांचं लग्न एडिट करून बाहेर काढायला त्याच्या यंत्राला अख्खी रात्र लागायची, आणि रात्रभर चारही कोअर शंभर टक्क्यांवर असायचे. व्हिडिओची चौकटी-चौकटींत वाटणी करता येते, म्हणून त्याला आठ कोअर मिळाले तर आठही राबतील. त्याच्या विहिरीला पाणी भरपूर होतं, मोटार लहान होती. त्यानं खर्च करावा, कर्ज काढूनही करावा. एकाच दुकानात, एकाच दुपारी, एकाच प्रश्नाची दोन उलटी उत्तरं बरोबर होती. म्हणून कोणता प्रोसेसर चांगला असं मला कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो की तू दिवसभर त्याच्याकडून काय करून घेतोस.

गावी परतल्यावर पुन्हा दहा अर्ज मोजले. डिस्क आणि मेमरीपायी यंत्र अडकण्याची १२० सेकंदं विसांवर आली होती. एक अर्ज ६२० सेकंदांत होऊ लागला, दिवसाला ५८. आठ जादा अर्ज म्हणजे ३२० रुपये. आमचे २,९०० रुपये नऊ-दहा दिवसांत वसूल होणार होते.

पण त्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा अजून तसाच होता. कागद शोधण्याची २४० सेकंदं. त्याकडं लक्ष गेलं ते भाच्याच्या बायकोचं. तिनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधार, पासबुक, सातबारा, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, मोबाइल सोबत ठेवा. आणि तो पुठ्ठा दाराबाहेर टांगला. रांगेतली माणसं उभ्या उभ्याच पिशव्या उघडून कागद लावू लागली. ज्यांचं राहिलं होतं ते घरी जाऊन आणू लागले. सरासरी एक मिनिट वाचलं. ५८ चे ६४ अर्ज झाले, एक पैसा न लावता. स्कॅनर ६०० डीपीआयवर होता, तो २०० वर आणला. लांबीत तिप्पट आणि रुंदीत तिप्पट, म्हणजे नऊपट ठिपके आम्ही विनाकारण वाहत होतो. साध्या कागदाला तेवढी बारकाई कुणी मागितली नव्हती.

बीड शहराजवळची खजाना विहीर मी विद्यार्थ्यांना सहलीला नेऊन अनेकदा दाखवली आहे. १५८२ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानानं ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं तिची रचना केली, असं सांगतात. ती फार खोल नाही. तिचं कौतुक आहे ते भुयारांचं. दोन भुयारांतून तिच्यात पाणी येतं, एकातून पुढं शिवाराकडं जातं. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. तिथं उभं राहिलं की बांधणाऱ्याच्या मनातला प्रश्न ऐकू येतो. किती खोल खणू असं त्यानं विचारलेलं नाही. पाणी कुठून येतं आणि कुठं जायचंय, हे त्यानं विचारलं आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी मोजमापाची साधनं तुटपुंजी होती, पण प्रश्न बरोबर होता.

त्या जुलैत गोष्ट संपली असती तर मीही समाधानानं थांबलो असतो. पण यंत्राच्या बाबतीत एकदा दिलेलं उत्तर कायमचं नसतं. मायक्रोसॉफ्टनं २०२१ च्या जूनमध्ये विंडोज ११ जाहीर केलं, तेव्हाच इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, अशी अट घातली होती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची सुरक्षा वाढवून घेण्याची सोय होती, पण ती एका वर्षाचीच. आमचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. ९८८ पिनांच्या त्या सॉकेटात आठव्या पिढीचा बसत नाही. साडेचार हजारांचा आय-सेव्हन बसवला असता तरी तोही त्याच बाजूला, अटीच्या बाहेर राहिला असता.

भाच्यानं पुन्हा विचारलं, "मामा, चालतंय तर चांगलं. मग बदलायचं कशाला?"

वेगाच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लॅपटॉप खरोखर चांगला चालत होता. एक रुपयाची योजना तोवर बंद झाली होती, अर्ज कमी झाले होते, मिळकत उतरली होती. हिशेबानं पाहिलं तर खर्च करायची ही सगळ्यात वाईट वेळ. मी त्याला म्हटलं, "तुझ्या टेबलावर रोज काय येतं ते एकदा आठव." आधार क्रमांक, बोटांचे ठसे, खात्यांचे आकडे, जमिनीचे गट. गावातल्या म्हाताऱ्या आपली पिशवी त्याच्यापुढं रिकामी करतात आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसतात. ते कागद त्याच्याकडं ठेवलेली ठेव आहे. ज्या यंत्राच्या दाराची कडी यापुढं कुणी दुरुस्त करणार नाही, त्या यंत्रात दुसऱ्याची ठेव ठेवता येत नाही. स्वतःचे कागद असते तर जोखीम घेण्याचा हक्क आपला होता. दुसऱ्याच्या वतीनं तो हक्क आपल्याला नाही.

त्यानं दिवाळीआधी आठव्या पिढीचा, वापरून नीट केलेला लॅपटॉप घेतला, अठरा हजारांना. जुन्या हिशेबानं ते साडेचारशे अर्ज होतात. या वेळी त्यानं वसुलीचे दिवस मोजले नाहीत. मला ते बरोबर वाटलं. काही खर्च मिळकतीतून परत यायचे असतात आणि काही खर्च आपण विश्वासाला पात्र राहावं म्हणून करायचे असतात. दोन्ही एकाच वहीत लिहिले की दुसऱ्या प्रकारचा खर्च नेहमी तोट्याचा दिसतो, आणि चांगली माणसंही तो टाळत राहतात. २०२३ साली खर्च न करण्यात शहाणपण होतं, २०२५ साली करण्यात. दोन्ही वेळा आधी एक गोष्ट ठरवावी लागली: आपल्याला नेमकं काय कमी पडतंय. पहिल्यांदा डिस्कचा वेग कमी पडत होता, दुसऱ्यांदा राखण.

जुन्या लॅपटॉपातली सगळी माहिती पुसून त्यावर लिनक्स घातलं. भाच्याची मुलगी आठवीत आहे, ती त्यावर भूमितीच्या आकृत्या काढते. आत तोच आय-थ्री आहे, पहिल्या दिवसापासून बसलेला. तिच्या कामाला तो पुरून उरतो.

परवा केंद्रावर गेलो होतो. भिंतीला रंग दिलेला दिसला, पण टेबलामागचा एक चौकोन रंगवायचा सोडलेला. तिथं तो आमचा कागद अजून चिकटवलेला आहे. दहा अर्जांच्या दहा ओळी, सेकंदांचे आकडे, कडेला भाच्याच्या अक्षरात त्यानं पुढं वेळोवेळी घेतलेल्या मोजण्या. शाई फिकी झाली आहे. रंगाऱ्याला त्यानंच सांगितलं होतं म्हणे, तेवढं राहू दे.

आमच्या विहिरीच्या आतल्या अंगाला, पाणी उतरलं की, वडिलांनी ओढलेल्या चुन्याच्या पुसट रेघा अजून दिसतात.